ट्यूटरांनी ‘कुठेही कामी येणारी कौशल्यं’ शिकवावीत, पण पोर्शन संपत नाही: काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका समन्वयकांकडे वेगवेगळ्या विषयांचे 14 ट्यूटर आहेत. वरून सूचना आली आहे की विद्यार्थ्यांना पुढच्या अभ्यासात आणि नोकरीतही उपयोगी पडतील अशी कौशल्यं शिकवा: नीट लिहिणं, मुद्दा मांडणं, माहिती पारखणं, वेळ सांभाळणं, गटात काम करणं. दोन दिवसांची कार्यशाळा झाली, सगळ्यांना फाइली मिळाल्या आणि महिन्याभरात ये रे माझ्या मागल्या. ट्यूटर म्हणतात, “पोर्शन संपता संपत नाही, त्यात हे कधी करायचं?”

ट्यूटरांना तयार करण्याचं काम मी 20 हून अधिक वर्षं करते आहे. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मी हे चुकीच्या पद्धतीनं केलं, म्हणून आधी तेच सांगते.

तेव्हा मी कौशल्यांचा वेगळा तास ठेवला होता. दहा तासांचा कार्यक्रम, दर तासाला एक कौशल्य. वेळेच्या नियोजनाच्या तासाला मुलांनी चार चौकटींचा तक्ता फार सुंदर भरला. तातडीचं काय, महत्त्वाचं काय, सगळं रंगीत पेनांनी. मार्कही चांगले पडले. पुढच्या सत्रात त्याच मुलांची सबमिशन्स पूर्वीइतकीच उशिरा. एकीला विचारलं, “अगं, तो तक्ता?” तर ती खऱ्याखुऱ्या आश्चर्यानं म्हणाली, “मॅडम, तो तास वेगळा होता ना!” मला राग आला होता. खरं तर तिनं माझ्या कार्यक्रमाचं अचूक परीक्षण केलं होतं.

एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी वापरता येणं, याला शैक्षणिक मानसशास्त्रात ‘अध्ययनाचं संक्रमण’ म्हणतात. ते आपोआप होत नाही, हे शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी 1901 मध्येच दाखवलं होतं की एका कामाच्या सरावानं दुसरं काम सुधारतं ते दोन्हींत सारखं काहीतरी असेल तेवढ्यापुरतंच. मला सगळ्यात जास्त पटलेलं उदाहरण मात्र 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचं आहे. एका महाविद्यालयीन तरुणाला आकड्यांची यादी एकदा ऐकून म्हणून दाखवायचा सराव दिला. 230 तासांहून अधिक सरावानंतर तो 7 आकड्यांवरून 79 पर्यंत गेला. मग आकड्यांऐवजी अक्षरं दिली, तर गाडी पुन्हा सहाच्या आसपास. तो धावपटू होता. आकड्यांचे गट तो शर्यतींच्या वेळा समजून लक्षात ठेवत होता, आणि अक्षरांना तो चिमटा लागू पडेना. ‘स्मरणशक्ती’ नावाचा स्नायू असता तर अक्षरंही उचलली गेली असती. ‘संवादकौशल्य’, ‘चिकित्सक विचार’ हेही असेच स्नायू असल्यासारखं आपण बोलतो, म्हणून त्यांची व्यायामशाळा काढतो.

ट्यूटरांना हे भाषणातून पटत नाही. म्हणून पहिल्या बैठकीत मी एक कोडं घालते. ते गिक आणि होलिओक या संशोधकांच्या 1980 च्या प्रयोगातलं आहे. सुरुवातीला सगळ्यांना वाचायला एक छोटी गोष्ट देते. एक किल्ला आहे, त्याकडे चहूबाजूंनी रस्ते जातात, रस्त्यांत सुरुंग आहेत. लहान तुकडी सुखरूप जाते, पण मोठं सैन्य गेलं की स्फोट. सेनापती सैन्याच्या तुकड्या पाडतो, प्रत्येक रस्त्यानं एकेक पाठवतो आणि सगळ्या एकाच वेळी किल्ल्यावर पोचतात. “परिच्छेदाचा सारांश लिहा” म्हणायचं आणि विषय बदलायचा. वीस-पंचवीस मिनिटं हजेरी, वेळापत्रक असलं काहीतरी बोलून झालं की दुसरा प्रश्न टाकायचा. पोटात गाठ आहे, शस्त्रक्रिया शक्य नाही. तीव्र किरणांनी गाठ मरेल, पण वाटेतल्या निरोगी पेशीही मरतील. सौम्य किरणांनी कुणालाच काही होणार नाही. काय कराल?

खोलीत शांतता पसरते. कुणी औषध सुचवतं, कुणी नळी घालायची म्हणतं. उत्तर मघाशीच हातात दिलेलं असतं: सौम्य किरण अनेक दिशांनी सोडा, ते गाठीवर एकत्र येऊ द्या. मूळ प्रयोगात गोष्ट वाचूनही साधारण 30 टक्के लोकांनाच ते आपणहून सुचलं. “मघाची गोष्ट आठवून बघा” एवढं सांगितल्यावर हा आकडा साधारण 75 टक्क्यांवर गेला. मी तो इशारा देते तेव्हा निम्मी खोली कपाळाला हात लावते. मग मी एवढंच म्हणते, “तुमच्या विद्यार्थ्यांचं रोज हेच होतं. त्यांना येत असतं, पण ते इथे वापरायचं आहे हे सुचत नाही.”

त्याच दोघांनी 1983 मध्ये पुढचा प्रयोग केला. एकाऐवजी दोन वेगळ्या गोष्टी दिल्या आणि दोन्हींत सारखं काय ते लोकांना स्वतःच्या शब्दांत लिहायला लावलं. तेव्हा नव्या प्रश्नात युक्ती आपणहून सुचण्याचं प्रमाण चांगलंच वाढलं. माझी सगळी पद्धत या एका निष्कर्षावर उभी आहे: युक्ती एक, ठिकाणं दोन, आणि मधला दुवा विद्यार्थ्यानं स्वतः शब्दांत पकडायचा. तास वेगळा नको. पोर्शनमधलीच दोन ठिकाणं पुरतात.

इथे पहिली अडचण ट्यूटरांचीच निघते. ज्या गोष्टी त्यांना सवयीनं येतात त्या त्यांना दिसतच नाहीत. संख्याशास्त्राच्या एक ट्यूटर होत्या. विद्यार्थ्याच्या वहीवर नजर टाकून दोन सेकंदांत म्हणायच्या, “चुकलंय.” मी विचारलं, कसं कळलं? “दिसलंच की!” पुन्हा विचारलं तर थोड्या चिडल्या. मग मी त्यांना न पाहिलेली पाच उत्तरं दिली, फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हटलं, डोक्यात येईल ते मोठ्यानं बोलत बोलत तपासा. तिसऱ्या उत्तराला त्या बोलल्या, “सरासरी 84… अरे, पण सगळे आकडे 31 ते 70 मध्ये आहेत, सरासरी बाहेर जाईलच कशी?” आणि थांबल्या. त्यांच्याच लक्षात आलं की त्या गणित पाहतच नव्हत्या. उत्तर कुठल्या दोन टोकांमध्ये असायला हवं ते आधी पाहत होत्या.

त्या युक्तीला त्यांनी नाव दिलं, ‘टोकं बघ’. दुसऱ्या दिवसापासून तासाला, “गणित करण्याआधी टोकं बघ, वहीत डाव्या कोपऱ्यात लिही.” पंधरा दिवसांनी त्याच बॅचच्या प्रकल्पाचं अंदाजपत्रक आलं, तेव्हा त्यांनी तोच शब्द वापरला: एकूण खर्च कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, तुमचा आकडा त्यात बसतो का? एका मुलाच्या तक्त्यात एक शून्य जास्त पडलेलं त्याचं त्यालाच सापडलं. आकडे पारखण्याचं कौशल्य म्हणतात ते एवढंसं असतं, आणि उद्या ऑफिसात कुणाचा अहवाल हातात आला तरी ते चालतं.

स्वतःचा विचार मोठ्यानं बोलून दाखवायचा, मग विद्यार्थ्याला करू द्यायचं, मग आधार हळूहळू काढून घ्यायचा, याची नीट मांडणी कॉलिन्स, ब्राउन आणि न्यूमन या संशोधकांनी 1989 मध्ये केली. कारागिराकडचा शिकाऊ उस्तादाचे हात पाहून शिकतो; वाचन-लेखन-गणितात उस्तादाचं काम डोक्यात चालतं, म्हणून ते बोलून दाखवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. ट्यूटरांना हे ऐकायला सोपं वाटतं. करायला बसले की घसरतात, कारण ते पूर्वी शंभरदा सोडवलेलं उदाहरण घेतात आणि ‘विचार’ म्हणून तयार पायऱ्या म्हणून दाखवतात. त्यांना खरंच नवीन असलेलं काहीतरी द्या. अडखळणं, मागे फिरणं, “थांबा, हे चुकतंय” म्हणणं, विद्यार्थ्यांना पाहायला मिळायला हवं ते हेच.

नावं लहान ठेवा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘चिकित्सक विचार’ हे नाव फलकावर शोभतं, तासाला त्याचं काय करायचं ते कुणाला कळत नाही. ‘हे कोण म्हणतंय आणि त्यात त्याचा फायदा काय?’ हे करता येतं. ‘संवादकौशल्य’ करता येत नाही. ‘तीन ओळींत सांग: काय झालं, कुठे अडलं, माझ्याकडून काय हवं’ हे करता येतं. ही तीन ओळींची सवय मी शंका विचारण्यापासून लावते. “मॅडम, हे कळत नाहीये” अशी शंका घ्यायचीच नाही. “दुसऱ्या पायरीपर्यंत आलो, चिन्ह का बदललं ते कळलं नाही, तेवढं सांगा” अशी आली की घ्यायची. पहिले आठ दिवस मुलं कुरकुरतात, मग निम्म्या शंका लिहितानाच सुटतात. हाच साचा पुढे वरिष्ठांना मेल लिहिताना आणि पाळी बदलताना काम सोपवताना जसाच्या तसा चालतो.

एका सत्रात अशा दोन, फार तर तीन युक्त्या. चौदाही ट्यूटरांनी नावं तीच वापरायची. एकानं ‘टोकं बघ’, दुसऱ्यानं ‘अंदाज’, तिसऱ्यानं ‘पडताळणी’ म्हटलं की विद्यार्थ्यासाठी त्या तीन वेगळ्या गोष्टी होतात.

आता दुव्याबद्दल. ट्यूटर तासाच्या शेवटी विचारतात, “हे तुम्हाला पुढे कुठे उपयोगी पडेल?” आणि वर्ग एका सुरात म्हणतो, “सगळीकडे!” हे उत्तर स्वीकारू नका. “येत्या आठवड्यात, नेमकं कुठे?” असं विचारा आणि ते वहीत तारखेसह लिहून घ्या. “गुरुवारी रसायनाच्या जर्नलमध्ये, निरीक्षणाचा तक्ता भरताना.” पुढच्या तासाला पहिली दोन मिनिटं: वापरलं का, चाललं का, काय बदलावं लागलं? ‘काय बदलावं लागलं’ हा प्रश्न गाळू नका. युक्ती नव्या ठिकाणी जशीच्या तशी क्वचितच बसते, थोडी कापावी-शिवावी लागते, आणि शिकायचं असतं ते हे शिवणकाम.

इशारा कमी करत न्यायचा. पहिल्या आठवड्यात ट्यूटरनं थेट सांगायचं, “टोकं बघ.” तिसऱ्या आठवड्यात, “आपली कुठली युक्ती इथे चालेल?” पाचव्या-सहाव्यात काहीच बोलायचं नाही. बरेच ट्यूटर शेवटपर्यंत इशारा देत राहतात, आणि वर्गात सगळं सुरळीत दिसतं. मूल बाहेर पडलं की कानात कुजबुजणारं कुणी नसतं.

शेऱ्यांकडेही वळू, कारण ट्यूटरांचा सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो आणि सगळ्यात जास्त वायाही तिथेच जातो. ‘मांडणी विस्कळीत’, ‘अधिक सखोल हवं’, ‘छान प्रयत्न’. या शेऱ्यांनी विद्यार्थ्यानं पुढच्या वेळी नेमकं काय करायचं? मी ट्यूटरांना सांगते, तीन शेरे लिहिणार असाल तर दोन या उत्तराबद्दल लिहा आणि एक असा लिहा की तो दुसऱ्या विषयाच्या वहीत चिकटवला तरी अर्थपूर्ण ठरेल. ‘प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य तेवढं वाच, मुद्दा कळतो का?’ हा तसा शेरा. आणि पुढच्या असाइनमेंटच्या वर विद्यार्थ्यानं एक ओळ लिहायची: ‘मागच्या शेऱ्यावरून मी हे बदललं.’ ती ओळ नसेल तर वही परत. हे कठोर वाटतं खरं, पण शेरे वाचले जातात की नाही हा प्रश्न कायमचा मिटतो.

गटकार्यावर फार लिहीत नाही. चार मुलं एका टेबलाशी बसवली म्हणजे गटात काम करणं शिकवलं असं होत नाही. एक मूल काम करतं, एक सजावट करतं, दोन नावं लिहितात. प्रत्येकाच्या वाट्याचं काम वेगळं आणि तपासता येण्याजोगं ठेवा, आणि दर बैठकीनंतर चार ओळींची नोंद मागा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, कशावर मतभेद झाला. मतभेदाची ओळ सलग तीन वेळा कोरी आली तर समजा, एकच जण काम करतोय.

नोकरीच्या बाजूला एक फरक असतो, आणि बहुतेक ट्यूटर स्वतः शिक्षणाबाहेर फारसे काम न केलेले असल्यानं तो त्यांच्याही लक्षात येत नाही. अभ्यासात प्रश्न पूर्ण लिहून मिळतो, शब्दमर्यादा ठरलेली असते आणि वाचणारा वाचायलाच बसलेला असतो. कामावर प्रश्न अर्धवट येतो, वाचणारा घाईत असतो आणि त्याला निर्णय घ्यायचा असतो. यासाठी माझा एक आवडता सराव आहे: एकच मजकूर दोन वाचकांसाठी. एका मुलानं पाण्याच्या दोन गाळण्यांची तुलना करणारा प्रयोगाचा अहवाल लिहिला होता, साधारण 1500 शब्दांचा, उत्तम. त्याला म्हटलं, आता कुठली गाळणी घ्यायची हे ठरवणाऱ्या व्यवस्थापकासाठी 150 शब्दांत लिही. त्यानं लिहिलं, “सदर प्रयोगाचा उद्देश दोन गाळण्यांच्या कार्यक्षमतेची तुलना करणे हा होता…” आणि निष्कर्ष शेवटच्या ओळीत. कारण जर्नलमध्ये तसंच असतं ना: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. मी कागद दुमडून पहिल्या दोनच ओळी उघड्या ठेवल्या आणि विचारलं, “व्यवस्थापकानं एवढंच वाचलं आणि फोन वाजला, तर त्यांनी कुठली घ्यायची?” त्यानं कागद परत ओढून घेतला. दुसऱ्या मसुद्याची सुरुवात होती, “दुसरी गाळणी घ्यावी. गाळ दोन्ही सारख्याच काढतात, पण पहिली लवकर तुंबते.” त्यानंतर जर्नल लिहितानाही तो निष्कर्ष आधी कच्च्या कागदावर लिहायला लागला. हे मी सांगितलेलं नव्हतं.

उलट दिशाही विसरू नका. काम करत शिकणारे विद्यार्थी बरंच काही घेऊन आलेले असतात आणि वर्गात ते कुणी विचारत नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. विक्री करताना विचारलेले हिशेब त्यांनी सुमारे 98 टक्के बरोबर केले. तीच गणितं नुसती आकडेमोड म्हणून कागदावर दिली, तर बरोबर उत्तरं सुमारे 37 टक्केच. मुलं पाचच होती, तेव्हा आकड्यांवर फार भार टाकू नये, पण अशी मुलं प्रत्येक ट्यूटरनं पाहिलेली असतात. “हे तू कामावर कसं करतोस?” हा प्रश्न अशा विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात विचारायचा असतो.

एक इशारा ट्यूटरांनाही स्पष्ट द्या. कौशल्य विषयज्ञानाशिवाय चालत नाही. इतिहासाची साधनं उत्तम पारखणारा विद्यार्थी औषधाच्या जाहिरातीला फसू शकतो, कारण तिथे कुठला प्रश्न विचारायचा तेच त्याला माहीत नसतं. म्हणून ‘पोर्शन की कौशल्य’ हा वाद मी होऊच देत नाही. पोर्शन हीच सरावाची जागा आहे. वेळेचं खरं उत्तर मात्र द्या: तासाची सहा-सात मिनिटं जातात आणि पहिले दोन-तीन आठवडे पोर्शन मागे पडतो. हे आधी सांगून ठेवलं की ट्यूटर सांभाळून घेतात. नाही सांगितलं तर दुसऱ्याच आठवड्यात सोडून देतात, आणि त्यांचं चुकत नाही.

मोजमापासाठी ‘माझं संवादकौशल्य 5 पैकी किती?’ असले तक्ते भरून घेऊ नका. कार्यक्रमानंतर सगळ्यांचे आकडे वाढतात, कारण वाढायला हवेत हे सगळ्यांना माहीत असतं. सहाव्या आठवड्यात विषयाबाहेरचं एक छोटं काम द्या, युक्तीचं नाव न घेता. किती जणांनी ती आपणहून वापरली ते मोजा. पहिल्यांदा आकडा लाजिरवाणा येतो. तो लपवू नका, ट्यूटरांबरोबर बसून बघा.

राहिली तुमची दोन दिवसांची कार्यशाळा. ट्यूटरही माणसंच. कार्यशाळेत शिकलेलं वर्गात नेणं हेही संक्रमणच, आणि ते तिथेच अडलं. त्यांच्या दृष्टीनं ‘तो तास वेगळा होता’. पुढच्या वेळी दोन दिवसांऐवजी दीड तासाची एक बैठक घ्या: किल्ल्याचं कोडं, मोठ्यानं विचार करायचं रेकॉर्डिंग, आणि सत्रासाठी दोन युक्त्यांची नावं सगळ्यांनी मिळून ठरवणं. मग जोड्या पाडा, शक्यतो वेगळ्या विषयांच्या. एकमेकांच्या तासाला 20 मिनिटं बसायचं आणि एकच गोष्ट पाहायची: युक्तीचं नाव घेतलं तेव्हा विद्यार्थ्यांनी काय केलं? शिकवणं कसं होतं यावर चकार शब्द नाही. नंतर 10 मिनिटं बोलणं, त्याच दिवशी. दर पंधरा दिवसांनी एकदा, असं सत्रभर.

कुणीतरी मागे बसून आपला तास पाहणार म्हटलं की ट्यूटर आक्रसतात, वर्षानुवर्षं शिकवणारे तर जास्तच. त्यामुळे पहिला तास तुमचा ठेवा. तुम्ही स्वतः एखादी बॅच घेत नसाल तर उसनी मागा, तारीख फलकावर लावा आणि चौदाही जणांना मागच्या बाकांवर बसवा.